घरासाठी रंगीत ऑल-इन-वन प्रिंटर घेताय? या चुका टाळा

जून आला की साताऱ्यात दोन गोष्टी हमखास होतात, शाळा सुरू होते आणि कुणाचा तरी प्रिंटर बंद पडतो. आमच्या गोडोलीकडच्या सोसायटीत दरवर्षी हेच. सुट्टीत सगळे गावाला गेलेले, महिना-दीड महिना मशीनला कुणी हात लावलेला नसतो आणि शाळेच्या पहिल्याच आठवड्यात पोराचा प्रोजेक्ट काढायला बसलं की निळं आकाश गुलाबी येतं, मग "प्रिंटरच भिकार निघाला ओ" म्हणून कंपनीच्या नावानं शिमगा. खरं तर मशीनमधे बऱ्याचदा काही बिघडलेलं नसतं. महिन्याला किती पानं काढणार हे दुकानदारही विचारतो आणि आपणही सांगतो, पण न वापरता किती दिवस पडून राहणार हे कुणीच विचारत नाही, आणि घरच्या प्रिंटरची वाट तिथंच लागते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसत्या मशीनची किंमत बघून घेणं. ऑफरमधला स्वस्त कार्ट्रिजवाला, म्हणजे शाईची छोटी डबी बदलावी लागते तो, दिसला की माणूस भुलतो, पण छोटं काळं कार्ट्रिज कंपनीच्याच आकड्यानं सव्वाशे-दीडशे पानांत संपतं, आणि नवीन मशीनसोबत येतं त्यात तर बऱ्याचदा त्याहून कमी शाई असते. तेच बाटलीनं शाई भरायच्या इंक टँकमधे, एप्सनची 003 नंबरची काळी बाटली धरा, 65 मिलीची, तिला कंपनी 4500 पानं सांगते. हे आकडे ठरलेल्या टेस्ट पानांवरचे असतात, पानभर रंगीत गणपती छापला तर तेवढी निघणार नाहीत, तरी फरक केवढा आहे बघा. म्हणून दुकानात उभं राहूनच बाटलीची किंवा कार्ट्रिजची किंमत भागिले पानं एवढा हिशोब मोबाईलवर करायचा, मग मशीनची किंमत बघायची. आणि टँकच्या पहिल्या बाटल्या लवकर संपल्या तर घाबरू नका, सुरवातीला नळ्या आणि हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, भरायलाच बरीच शाई जाते.

मग टँकवाला घेतला की मिटलं का? तर नाही. शाई बाटलीतली असो नाहीतर कार्ट्रिजमधली, ती पाण्यासारखी पातळ असते आणि हेडची छिद्रं केसापेक्षाही बारीक, त्यात एप्रिल-मे मधे सांगली-मिरजेचं ऊन म्हणजे सांगायलाच नको, पडून राहिली की सुकणारच. कार्ट्रिजवाल्या बऱ्याच मॉडेलमधे हेड कार्ट्रिजलाच असतं, नवीन टाकलं की काम भागतं. टँकमधे हेड बऱ्याचदा मशीनचं, ते गेलं की खर्चाचं काम. म्हणून आठवड्यातून एक पान तरी काढायचं, चारही रंग येतील असं, मग ते वाढदिवसाचं कार्ड असू दे नाहीतर देवाचा फोटो. गावाला जाताना शेजाऱ्याला किल्ली देतोच की झाडांना पाणी घालायला, त्यालाच सांगायचं.

याच्याच जोडीची चूक म्हणजे भिंतीवरचं बटण खटकन बंद करणं. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की हेड सरकत कोपऱ्यात जातं आणि त्याच्या तोंडावर रबराचं झाकण बसतं. आधीच भिंतीवरून वीज तोडली तर ते मधेच उघडं राहतं आणि सुकतं. छापता छापता लाईट गेली तर आल्यावर एकदा चालू करून नीट बंद करा, एवढंच.

समजा रंग गेलाच, तर थेट क्लिनिंगवर, म्हणजे शाई सोडून हेड साफ करायच्या सोयीवर, तुटून पडू नका. आधी नॉझल चेक, म्हणजे छिद्रं तपासायचं पान, काढा. पानावर प्रत्येक रंगाच्या पायऱ्या-पायऱ्यांसारख्या बारीक रेघा येतात, जिथं रेघ तुटलीय तिथलं छिद्र बंद. मग एक क्लिनिंग, परत चेक, फार तर अजून एकदा, आणि तरी नाही आलं तर रात्रभर तसंच ठेवा, सकाळी बऱ्याचदा रेघा जुळलेल्या असतात. एकामागून एक आठ-दहा क्लिनिंग मारणारे लोक आहेत, ती सगळी शाई मशीनच्या पोटातल्या शाई टिपणाऱ्या पॅडमधे जाते, पॅड भरलं असं मशीनमधल्या काउंटरला वाटलं की प्रिंटर छापायचंच सोडून देतो. काही मॉडेलमधे हे पॅड किंवा बॉक्स घरीच बदलता येतो, घेताना हे नक्की विचारा.

आता खरं सांगायचं तर ज्यांना महिन्यातून सात-बारा, एखादं हॉल तिकीट आणि आधारची कॉपी एवढंच लागतं त्यांनी रंगीतच्या नादाला लागू नये. ब्लॅक अँड व्हाईट लेझर ऑल-इन-वन घ्या, टोनर म्हणजे पावडर, सहा महिने पडून राहिली तरी सुकायची भानगड नाही. फक्त तो कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका, तापताना एकदम जास्त करंट ओढतो. रंगीत पान कधीतरी लागलं तर झेरॉक्सवाला आहेच की. रंगीत लेझर महाग, त्याचे चार टोनर त्याहून जिवावर येतात, आणि फोटो तर शाईवाल्या इंकजेटसारखे येतही नाहीत.

ऑल-इन-वनमधल्या स्कॅनरकडे तर कुणी बघतच नाही आणि मग तहसीलचं काम निघालं की डोक्याला हात. फ्लॅटबेडची, म्हणजे झाकण उचलून कागद ठेवतो ती, काच साधारण ए-फोर एवढी, म्हणजे 297 मिमी लांब, आणि जुनं खरेदीखत असतं लीगल साईजचं, 356 मिमी. जवळजवळ सहा सेंटिमीटर कागद बाहेर राहतो, आणि सह्या, साक्षीदार, शिक्के सगळं बरोबर तिथंच असतं! घरात शेतीचे, प्लॉटचे कागद असतील तर वर कागद आपोआप आत ओढणारा फीडर असलेलं मॉडेल बघा, म्हणजे एडीएफ, आणि त्यात लीगल बसतो का हे पण बघा. डीपीआयच्या, म्हणजे स्कॅन किती बारीक होतो त्याच्या, मोठ्या आकड्यांना भुलू नका, कागदपत्रांना 300 पुष्कळ झाले. फॉर्म भरताना साईट "फाईल मोठी आहे" म्हणाली तर 150 किंवा 200 वर परत स्कॅन करा.

वायफायचं रडगाणं वेगळंच. घरगुती प्रिंटर बरेचसे फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात, त्यामुळे फायबरवाल्यानं राउटरला दोन नावं दिली असतील तर 5जी लिहिलेलं प्रिंटरला दिसतच नाही. तो बिघाड नाही. मोबाईल थोडा वेळ 2.4 च्या नावाला जोडा आणि मग ॲपमधून सेटअप करा.

पावसाळ्यात कागद अडकायला लागला तर आधी रिम बघा. आपल्याकडं जुलैत कपडे वाळत नाहीत तिथं उघडा कागद कोरडा कसा राहील, तो ओल धरतो, कडा वळतात, दोन-दोन पानं एकदम आत जातात. ट्रेमधे लागतील तेवढीच ठेवा, बाकी प्लॅस्टिकमधे गुंडाळून कपाटात.

वॉरंटी बऱ्याचदा एक वर्ष किंवा अमुक पानं, जे आधी होईल ते, अशी असते. सर्व्हिसवाला घरी येणार की मशीन घेऊन कोल्हापूर-पुण्याला जावं लागणार हे पैसे द्यायच्या आधी विचारा. टँकवाला न्यायचाच झाला तर सरळ, उभा मांडीवर धरून न्या, एसटीच्या रॅकवर आडवा टाकला तर शाई खाली बसलेल्याच्या पांढऱ्या टोपीवर.