मठाची फाइल 'मालकी जुळत नाही' म्हणून परत येतेय? (माझा अनुभव)

साताऱ्याजवळ कॅथलिक सिस्टरांच्या नव्या मठाची बांधकाम परवानगी मी बघत होतो. बिशपांची लेखी संमती (चर्चच्या कायद्यातलं कलम, म्हणजे कॅनन ६०९) हातात, तरी फाइल तीनदा परत. नकाशा बदलला, वकील बदलला. डोकं फिरायची वेळ आली.

घोळ एका शब्दाचा. सिस्टरांच्या ट्रस्टच्या नावात खरेदीखतात 'सोसायटी', सातबाऱ्यावर 'संस्था'!

आधी धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टचा शेड्यूल १ उतारा (ट्रस्टच्या नोंदणीचा उतारा) काढला. तो आणि खरेदीखत जोडून तहसीलदारांकडे जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५५ खाली लेखनप्रमाद (लिहिण्यातली चूक) दुरुस्तीचा अर्ज. आदेश मिळाल्यावर तलाठ्याकडे फेरफार. मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केल्यावरच नवा सातबारा काढा. मी आधीच काढला, जुनंच नाव आलं. मग फाइल चौथ्यांदा दिली. मंजूर.

आवारात चर्च बांधायचं तर बिशपांची संमती वेगळी लागते (कॅनन १२१५).