वेल पिशवीतून जमिनीत

मधुमालती, जाई, कृष्णकमळ, संक्रांतवेल, यांपैकी काहीही जमिनीत लावायचं असेल तर पुण्यात जुलैपर्यंत थांबा. जूनच्या पहिल्या सरींना भुलू नका. वरची माती भिजलेली दिसते, पण वीतभर उकरलं की खाली कोरडी ठणठणीत असते.

खड्डा मात्र मे महिन्यातच खणून तापू द्या. लांबी, रुंदी, खोली दीड-दीड फूट, आणि भिंतीपासून अंतरही तेवढंच. भिंतीला चिकटून लावलेल्या वेलावर छज्जामुळे पाऊस पडत नाही. शिवाय पायालगत सिमेंट-चुन्याचा राडारोडा असतो. त्यात पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि शेणखताने ते सुधारत नाही.

टेकडीच्या उताराला मुरूम लागला तर पाण्याचा निचरा आपसूक होतो. काळ्या मातीत आधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून बघा. सकाळपर्यंत जिरलं नाही तर खड्डा भरून वर नऊ इंचांचा उंचवटा करा आणि वेल त्यावर लावा. तळाशी विटांचे तुकडे घालायची सवय सोडा, काळ्या मातीत त्याचं डबकं होतं. भरायला निघालेलीच माती वापरा. तीन घमेली मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत, आणि सगळ्यात मिळून दोन मुठी निंबोळी पेंड.

खरी मेख रोपाच्या गोळ्यात असते. नर्सरीतली बरीच रोपं चिकट लाल मातीत येतात आणि तो गोळा वाळला की विटेसारखा होतो. बाहेरची माती ओली, आत मुळं तहानलेली. म्हणून पिशवीसकट रोप बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पिशवी ब्लेडने उभी चिरा, गोळ्याच्या कडा बोटांनी हलक्या खरवडा, गोल फिरलेली मुळं सोडवा. बोगनवेल याला अपवाद. तिची मुळं काचेसारखी तुटतात, गोळ्याला हात लावू नका.

लावायचं संध्याकाळी, पिशवीत होतं त्याच खोलीवर. मांडव किंवा जाळी आधीच उभी हवी, नंतर ठोकलेला खांब नेमका मुळांतून जातो. बोगनवेल आणि जाई स्वतःहून विळखा घालत नाहीत. त्यांना सुती चिंधीने, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास देऊन बांधा. तार खोडात रुतते.

आठवडाभरात पानं गळाली तर लगेच पाणी वाढवू नका. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर वेल जिवंत आहे. पहिला महिना युरिया नको, नुसता पाला माजतो.

गोकर्णाचं रोप हलवण्याच्या भानगडीत पडूच नका. बी रात्रभर भिजवून थेट जाळीखाली टोचा.