क्रेडिट कार्डाचं व्याज कमी करून घ्यायचंय? फोन लावायच्या आधी हे वाचा

तर झालं असं की जूनमध्ये बियाणं आणि खत भरायचं होतं, आबांकडे कॅश नव्हती, केळीचा माल जुलैत कटणार होता, म्हणून मी म्हटलं चला कार्ड मारू, महिनाभरात केळीचे पैसे आले की भरून टाकू. कपाशीच्या पिशव्या, डीएपी, ठिबकच्या नळ्या आणि थोडं किरकोळ धरून ६० हजार झाले. मग केळीचा भाव पडला, व्यापाऱ्याने पैसे अडकवले, आणि मी दोन महिने नुसता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरत बसलो. मला वाटायचं मिनिमम भरलं म्हणजे आपण बँकेचे चांगले गिऱ्हाईक. आहोतच की, आपल्यासारखेच तर त्यांना पाहिजे असतात.

हिशोब बघा. माझ्या कार्डाचा रेट पावणेचार टक्के महिना, म्हणजे वर्षाला ४५. ६०,००० वर महिन्याचं व्याज २,२५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ४०५, झाले २,६५५. आणि मिनिमम ड्यू साधारण पाच टक्के, म्हणजे ३,०००. मी तीन हजार भरले त्यातून मुद्दल उतरलं फक्त ३४५ रुपये! ओट्यावर बसून आबांना पेनाने कागदावर दाखवलं तर ते चहा ठेवून म्हणे, "इतलं याज ते सावकार बी नही लेस." खरंय त्यांचं, शेकडा पावणेचार गावात कोणी उघड मागितलं तर बोंब होईल.

अजून एक बारीक गोष्ट जी कार्ड देताना कोणी सांगत नाही. एकदा पूर्ण बिल भरलं नाही की ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे सगळं बंद, नवीन खरेदीवर त्याच दिवसापासून मीटर चालू. मी मधल्या काळात त्याच कार्डाने किराणा भरला १,८०० चा, त्यालाही व्याज लागलं. म्हणून पहिलं काम, फोन लावायच्याही आधी, ते कार्ड कपाटात ठेवा. पेट्रोलला पण नको. आणि एटीएममधून कार्डावर कॅश तर अजिबात नको, तिथे फी वेगळी आणि व्याज काढल्या मिनिटापासून.

आता मुद्द्यावर. बँकेला व्याज कमी करा म्हणता येतं का, तर येतं, पण कायदा मदतीला येईल असं समजू नका. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांच्या वर कार्डाचं व्याज म्हणजे अनुचित व्यापार प्रथा असं ठरवलं होतं, पण २० डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे वरची मर्यादा नाही, जे मिळेल ते मागून मिळेल. आणि मागताना हे डोक्यात ठेवा की "माझा रेट ३.७५ वरून २ करा" याला आपल्याकडे बहुतेक वेळा नाहीच येतं, रेट कार्डाच्या प्रकाराला बांधलेला असतो असं सांगतात. पण तीच बँक तेच पैसे १३ ते १८ टक्क्यांनी ईएमआयमध्ये टाकून देते. म्हणजे व्याज कमी झालंच ना, फक्त नाव वेगळं. मला हे कळायला तीन फोन गेले.

फोनच्या आधी अर्धा तास काढून बसा. शेवटचे तीन स्टेटमेंट उघडा, त्यात कुठेतरी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात महिन्याचा आणि वर्षाचा रेट असतो तो वहीत लिहा. कार्ड किती वर्षं आहे, लेट किती वेळा झालात, एकूण बाकी किती, महिन्याला तुम्ही खरंच किती भरू शकता, हे पण. ही शेवटची रक्कम खोटी लिहू नका राव, बँकेला सांगायला मोठा आकडा आणि नंतर परत बोंबाबोंब असं नको. सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा रेकॉर्ड आणि त्यावरचा स्कोअर, बघून घ्या, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, साडेसातशेच्या वर असेल तर बोलताना आवाज आपोआप वाढतो.

आणि हातात एक दुसरा पर्याय ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा पगार ज्या बँकेत येतो तिथे पर्सनल लोन किती टक्क्याने बसतंय ते विचारून ठेवा, किंवा दुसऱ्या कार्डवाल्याची बॅलन्स ट्रान्सफरची (इथली बाकी त्यांच्या कार्डावर हलवायची) ऑफर आली असेल तर तिचा मेसेज जपून ठेवा. नुसतं "कमी करा ना मॅडम" म्हटलं तर समोरची पण नुसतं सॉरीच म्हणणार. "माझ्या पगाराच्या बँकेत मला १३ टक्क्याने मिळतंय, मी तिकडून घेऊन तुमचं बंद करतो" असं म्हटलं की तिला तिच्या स्क्रीनवर काहीतरी शोधावं लागतं.

नंबर कार्डाच्या मागचाच लावा. गुगलवर शोधून लावू नका, आमच्या एमआयडीसीतल्या एकाने असाच लावला आणि पलीकडच्याने "व्याज कमी करतो, ओटीपी सांगा" म्हणून २२ हजार उडवले. खरा कस्टमर केअरवाला ओटीपी, पिन, सीव्हीव्ही कधीच मागत नाही.

वेळ म्हणाल तर ड्यू डेटच्या चार-पाच दिवस आधी, दुपारी. ड्यू डेट उलटल्यावर तुमची फाईल वसुलीवाल्यांकडे सरकायला लागते आणि बोलण्याची भाषाच बदलते. चुकून उलटलीच तर तीन दिवस असतात, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच लेट फी लावायची आणि सिबिलला कळवायचं, पण व्याज थांबत नाही हे लक्षात असू द्या.

माझा पहिला फोन वाया गेला. मी सुरुवातच केली शेतीचं, केळीचं, आबांच्या गुडघ्याचं सांगून, ती बिचारी ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली सर, अजून काही मदत करू शकते का. दुसऱ्यांदा रागात लावला, त्यातून काय निघणार. तिसऱ्यांदा आयव्हीआरमध्ये, म्हणजे ते "एक दाबा, दोन दाबा" सांगतात तिथे, "कार्ड बंद करायचंय" वाला ऑप्शन दाबला, तिथे जी माणसं बसतात त्यांच्याकडे गिऱ्हाईक थांबवण्यासाठी देण्यासारखं काहीतरी असतं. बाई आधी हिंदीत बोलली, मग आडनाव बघून मराठीत आली. साधारण असं बोललो:

"मॅडम, सहा वर्षांपासून कार्ड आहे, एकदाच लेट झालोय. ६० हजार बाकी आहे, वर्षाला ४५ टक्के लागतंय. मला महिन्याला साडेपाच हजार भरता येतील. रेट कमी करता येईल का?"

"सर, रेट सिस्टीममधून फिक्स आहे."

"ठीक आहे. मग पूर्ण बाकी बारा महिन्यांच्या ईएमआयवर टाकायची असेल तर किती टक्के?"

"सर, अठरा."

"मला दुसरीकडे तेरा मिळतंय. तुम्ही सोळाच्या खाली आलात तर मी इथेच राहतो."

आणि मग गप्प. भाऊ, इथे खरंच गप्प बसायचं, आपल्याला सवय असते शांतता झाली की आपणच भरून काढायची, "बघा ना काही जमतं का, नाहीतर राहू द्या" असं. राहू द्या म्हटलं की संपलं. तिने होल्डवर ठेवलं, चार मिनिटं म्युझिक वाजलं, आणि परत येऊन म्हणाली पंधरा करून देते. मी लगेच तो जुना लेट फीचा विषय काढला, ७५० आणि जीएसटी धरून ८८५, तेही परत केले. एका फोनमध्ये एकच मागणी असं काही नसतं.

पंधरा टक्क्याने ६० हजाराचा बारा महिन्यांचा हप्ता ५,४१५ च्या आसपास बसतो, वर्षाचं व्याज पाच हजाराच्या जवळ आणि त्यावर जीएसटी नऊशे. तिकडे महिन्याला २,६५५ जात होते!

हो म्हणायच्या आधी तीन गोष्टी विचारा. एक, रेट फ्लॅट (शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर व्याज) आहे की रिड्युसिंग (उरलेल्या मुद्दलावरच व्याज), कारण फ्लॅट १२ म्हणजे खरं २१-२२ पडतं आणि ऐकायला स्वस्त वाटतं. दुसरं, प्रोसेसिंग फी किती. तिसरं, मध्येच सगळं भरून बंद केलं तर दंड किती, कारण आपल्याकडे कापूस विकला की पैसा एकदम येतो, तेव्हा तीन टक्के द्यायला जिवावर येतं.

सोन्याबद्दल वेगळं सांगावं लागेल, आपण जळगाववाले. शेजारच्या नानांच्या पोराने आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सराफ बाजारातून ४० हजाराचं सोनं कार्डावर घेतलं, डोक्यात हेच की नंतर ईएमआय करून घेऊ. होत नाही! सोन्याच्या दागिन्यांच्या खरेदीचा ईएमआय बँका करून देत नाहीत. नाना माझ्याकडे स्टेटमेंट घेऊन आले तेव्हा त्यांना मी म्हटलं, नाना, आता ते सोनंच कामाला लावा. बँकेतलं गोल्ड लोन कार्डाच्या व्याजाच्या पाव-तिसऱ्या हिश्श्यात बसतं. काकू चार दिवस बोलल्या नाहीत हे खरं, पण कार्ड मोकळं झालं. तुमच्याकडे एफडी असेल तर तिच्यावरचं कर्ज त्याहून सोपं, घरात भांडणही नाही.

"मी भरूच शकत नाही" हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका, जोपर्यंत ते खरंच नाही. त्यावर समोरून सेटलमेंट येतं, ६० चे ३५ द्या आणि विषय संपवा, ऐकून बरं वाटतं, पण सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा बसतो आणि पुढे ट्रॅक्टरचं किंवा घराचं कर्ज काढायला गेलात की तो शेरा आधी दिसतो. खरंच अडचण असेल, नोकरी गेली, दवाखाना लागला, तर हप्ता लांबवून मागा, रक्कम कमी करून नको. आणि वसुलीवाले सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायला लागले तर तारीख-वेळ लिहून ठेवा, ते नियमात बसत नाही.

कार्ड बंद करण्याची धमकी खरी असेल तरच द्या. बंद करायला सगळी बाकी आधी भरावी लागते, आणि ती भरून अर्ज दिल्यावर बँकेने सात कामाच्या दिवसांत बंद करायचं असतं, नाही केलं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे, हा नियम जुलै २०२२ पासून आहे. पण सगळ्यात जुनं कार्ड असेल तर शक्यतो ठेवा, सिबिलमध्ये जुनी हिस्टरी कामाला येते.

नाहीच ऐकलं तर लेखी द्या. ईमेल करा, उत्तर नाही आलं तर नोडल ऑफिसरला, म्हणजे बँकेच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, त्याचा पत्ता बँकेच्या साईटवर असतो. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उडवाउडवीचं उत्तर आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही. फक्त एवढं समजून घ्या, लोकपाल तुमचा रेट कमी करून देणार नाही. चुकीची फी, कबूल करून न दिलेली ऑफर, थकलेल्या फीवर आणि जीएसटीवर परत व्याज चढवणं, असल्या गोष्टींसाठी तो आहे.

आणि फोन ठेवायच्या आधी रिक्वेस्ट नंबर घ्या, आणि जे ठरलं ते ईमेलवर पाठवायला लावा, मेल येईपर्यंत फोनवर धरून ठेवा. मला हे नंतर उपयोगी पडलं कारण पहिल्या स्टेटमेंटमध्ये हप्ता आला ५,५०१, म्हणजे अठरा टक्क्यांचाच लावला होता त्यांनी. फरक महिन्याला ८६ रुपये, सोडून दिला असता कोणी. मी तोच मेल फॉरवर्ड केला, रिक्वेस्ट नंबर टाकला, खाली दोन ओळी लिहिल्या, पुढच्या स्टेटमेंटला हप्ता ५,४१५ झाला आणि आधीचे ८६ पण जमा दिसले.