थंडीत चिलापीचं खाद्य आवरा, पाणी मात्र आटू देऊ नका

निफाडकडं पारा ५-६ वर आला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, पण त्याच शेतातल्या शेततळ्यात चिलापी सोडलीय तिकडं कुणी बघत नाही. आणि जाऊन बघितलं तरी मासा वर येत नाही, खात नाही म्हणून अजून चार मुठी पेलेट टाकून मोकळे होतात. हेच नको.

चिलापी म्हणजे तिलापिया. आपल्याकडं जो गिफ्ट (सुधारित जातीचा तिलापिया) म्हणून मिळतो त्याचं मूळ आफ्रिकेतलं, नाईल वगैरे नद्या आणि तिथली तळी, सगळं कोमट पाणी. १९८८ पासून फिलिपिन्समध्ये निवड करत करत त्याची वाढ जोरदार केली, पण थंडी काही त्याला मानवत नाही. २७ ते ३० अंश पाण्यात तो हवा तेवढा खातो, २० च्या आसपास आला की मंदावतो, १६-१७ च्या खाली जवळपास खाणंच बंद, आणि ११-१२ वर बरेच दिवस राहिला तर मरतुक सुरू.

म्हणून एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून ३ फूट खाली सोडा, सकाळी आणि दुपारी बघा. २० अंशाला खाद्य निम्म्यावर आणा आणि तेही दुपारी १२ ते ३ मध्येच टाका, १६-१७ ला बंद करा. तळाशी साचलेलं खाद्य कुजतं, अमोनिया वाढतो. पाणी ५-६ फूट ठेवा, उथळ तळं रात्रीत गार पडतं. विहीर-बोरचं पाणी या दिवसांत कोमट असतं, ते पहाटे सोडा, पण बोरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी म्हणून पाइप उंच धरून पाणी आपटत पडू द्या. आणि कडाक्यात जाळं अजिबात ओढू नका, खवले निघाले की तिथं कापसासारखी बुरशी धरते आणि मग चांगला मासा हातचा जातो.

खरी गंमत फेब्रुवारीनंतर. पाणी २४ च्या वर गेलं की नर कडेच्या उथळ गाळात गोल खड्डे करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलते. अशी मादी जाळ्यात आली तर गळा फुगलेला दिसतो, बादलीत सोडली की २-३ मिलीमीटरची पिवळट अंडी थुंकते. पिल्लं सुटी होईपर्यंत दहा-बारा दिवस ती जवळजवळ उपाशीच. मादी तीन-चार महिन्यांची झाली की पिलावळ सुरू, तळं बारक्या माशांनी भरतं आणि २०० ग्रॅमच्या पुढं कुणी जात नाही, बाजारात भाव कोण देणार?

त्यामुळं बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, थंडी ओसरल्यावरच आणा, एकलिंगी म्हणजे फक्त नरांचं बीजच मागा. ३०-४० ग्रॅमचा मासा झाला की पोटाखाली बघा, गुदद्वारामागं नराला एकच छिद्र, मादीला दोन. माद्या जास्त निघाल्या तर थोडी मरळ सोडा, बारकी पिल्लं ती खाते, पण मरळ चिलापीपेक्षा लहानच हवी.

परवाना घेऊनच पाळा आणि सांडव्याला बारीक जाळी लावा. १९५२ साली भारतात आणलेली पहिली चिलापी अशीच सगळीकडं पसरली, उजनी धरणात आज जाळ्यात काय येतं ते भिगवणच्या बाजारात जाऊन बघा.