एल्कची शिकार: गोळी निवडताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो-मोंटानाच्या डोंगरात एल्क (तिथलं मोठं हरीण) जखमी होऊन निसटला, की दोष कॅलिबरला (गोळीच्या व्यासाला) देतात आणि पुढच्या हंगामाआधी आणखी मोठी रायफल घेतात. मोठा नर तीनशे किलोंच्या वर भरतो हे खरं. तरीही .३०-०६ या काडतुसातली १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) मजबूत गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेली, तर पुरते.

.३०० विन्चेस्टर मॅग्नम या जोरदार काडतुसाचा धक्का ज्याला झेपत नाही, तो ट्रिगर दाबताना डोळे मिटतो आणि गोळी पोटात जाते. सरावाच्या रेंजवर जोडीदाराला तुमच्या नकळत एखादं डमी (न उडणारं) काडतूस भरायला सांगा. त्यावर नळी खाली झुकली, तर तुम्ही बिचकताय. अशा वेळी कमी धक्क्याची .३०८ बरी.

खरी गफलत गोळीच्या बनावटीत होते. लहान हरणासाठीची पातळ कवचाची गोळी जवळून, सेकंदाला तीन हजार फुटांच्या आसपास वेगाने खांद्याच्या हाडावर बसली, तर तिथेच फुटते. जखम वरवरची राहते, एल्क पळतो. म्हणून नोस्लर पार्टिशनसारखी गोळी घ्या: तिच्या मधल्या आडव्या भिंतीमुळे पुढचा भाग फुलतो आणि मागचा आत घुसत राहतो. अ‍ॅक्युबाँडसारखी बाँडेड (कवच आणि गाभा एकजीव जोडलेली) गोळीही चालते.

संपूर्ण तांब्याच्या गोळीत नेमकं उलटं घडतं. वेग फार उतरला की ती फुलतच नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते. अशा अनेक गोळ्यांना आदळताना सेकंदाला १८०० ते २००० फूट वेग लागतो. कंपनीने दिलेला किमान आकडा पाहा, तुमच्या गोळीचा वेग किती यार्डांवर तिथवर उतरतो ते गोळीच्या वेगाच्या तक्त्यात शोधा. त्यापलीकडे गोळी झाडू नका. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. १८० ऐवजी १५० किंवा १६५ ग्रेन घ्या. कॅलिफोर्नियात शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही.

सराव स्वस्त गोळ्यांवर आणि शिकार महाग गोळीने, हेही नको. गोळी बदलली की नेम सरकतो. झीरो पुन्हा करा, म्हणजे गोळी नेमावर बसेल अशी दुर्बीण जुळवा.

कोलोरॅडोत एल्कसाठी किमान ६ मिमी कॅलिबर, ८५ ग्रेनची फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा लागते. .२४३ त्यात बसते, पण नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

गोळी लागल्यावर लगेच दुसरं काडतूस चढवा. फुप्फुसं फुटलेला एल्कही काही क्षण उभा राहतो. उभा असेल तर पुन्हा झाडा. माग काढताना गुलाबी, फेसाळ रक्त दिसलं तर तो फार लांब गेलेला नसतो. गडद रक्तात हिरवट चोथा असेल, तर गोळी पोटात लागली आहे: काही तास थांबा, नाहीतर तो उठून मैलोगणती जाईल.