हार्ट अटॅकनंतरचे सहा आठवडे: वण पक्का होईपर्यंत घरी काय करावं

बाबांना अटॅक येऊन दहा दिवस झाले होते. बेळगावजवळ आमच्या खानापूरकडं भाताची सुगी चालली होती. सकाळी उठून बघतो तर हे अंगणात पोतं ओढतायत. "आता मला काय झालंय? छातीत दुखत नाही की दम लागत नाही," वर हे उत्तर. दुखणं थांबलं होतं हे खरं, पण हृदयाची जखम अजून ओलीच होती.

स्लॅब टाकल्यावर वरून दोन दिवसांत वाळल्यासारखा दिसतो, तरी सेंट्रिंग कोणी लगेच काढत नाही. इथंही तसंच आहे. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली की अर्ध्या तासाच्या आसपास तिथला स्नायू मरायला लागतो आणि पुढच्या काही तासांत बराचसा संपतो. मग पांढऱ्या पेशी येऊन मेलेला भाग साफ करतात. ही साफसफाई चालू असताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ती भिंत सगळ्यात मऊ असते. हृदय तिथं फाटणं आता क्वचितच होतं, पण झालंच तर बहुतेक याच काळात. त्यानंतर दुसऱ्या पेशी कोलॅजनचे धागे विणायला घेतात. वण घट्ट व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात.

तिथं नवा स्नायू का येत नाही, असं बाबांनी विचारलं होतं. येतो, पण नगण्य. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनचा पेशींत माग काढून स्वीडनच्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं, की पंचविशीत वर्षाला हृदयाच्या जेमतेम 1 टक्का स्नायूपेशी नव्या होतात आणि म्हातारपणी त्याच्याही निम्म्या. त्यामुळे वण हा वणच राहतो. तो आकुंचन पावत नाही, त्याच्या वाटचं काम उरलेल्या स्नायूवर पडतं.

1. फाईल नीट वाचून घ्या. डिस्चार्जच्या कागदावर ईएफ नावाचा आकडा असतो. प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, ते त्यावरून कळतं. 55 च्या वर असला तर चांगला, 40 च्या खाली गेला तर काळजीचा. मात्र पहिल्या आठवड्यातल्या आकड्यानं हबकून जाऊ नका. काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो आणि काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागतो. म्हणून दुसरा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कधी करायचा, हे घरी निघण्याआधीच विचारून ठेवा.

2. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवला असेल तर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर चालतात. "बरं वाटतंय" म्हणून त्या सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. रॅमिप्रिलसारखी गोळी फक्त बीपीसाठी नसते. वणाच्या ताणानं हृदय फुग्यासारखं पसरू नये, म्हणूनही ती देतात.

याहून जास्त भीती मला गुडघेदुखीच्या इंजेक्शनची वाटते. आपल्याकडं कंबर धरली की गल्लीतल्या दवाखान्यात एक सुई मारून घ्यायची सवय आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं अटॅकनंतर धोक्याची: वण भरण्यात अडथळा येतो, रक्तस्राव आणि दुसरा अटॅक यांची शक्यता वाढते. कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तरी अटॅकचं आधी सांगा.

3. चाला, पण हिशेबानं. डॉक्टरांनी परवानगी दिली की सपाट जागेवर 5 ते 10 मिनिटं, दिवसातून दोनदा. नंतर दर दोन-तीन दिवसांनी थोडी मिनिटं वाढवत सहाव्या आठवड्यापर्यंत अर्ध्या तासावर या. चालताना सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मध्येच श्वास तुटला तर वेग जास्त झालाय असं समजा. बेळगावात किल्ला तलाव किंवा व्हॅक्सिन डेपोचं मैदान बरं, यळ्ळूरचा गड एवढ्यात नको. खानापूरच्या पावसात पडवीतच फेऱ्या मारा. जेवल्यावर लगेच चालू नका. भरलेली घागर, सिलिंडर, पोतं यातलं काही उचलू नका. संडासला कुंथायला लागू नये म्हणून बद्धकोष्ठाची तक्रारही लाजून लपवू नका.

4. तंबाखू आणि मीठ. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूवर घरं उभी राहिलीत, त्यामुळे हे बोलणं कडू लागेल. पण विडी, मिश्री, गुटखा, सगळं बंद. "ओढत नाही, नुसती मळतो" ही पळवाट आहे, निकोटीन तोंडातूनही रक्तात जातंच. मीठ दिवसाला एक छोटा चमचा, त्यात लोणचं-पापडही धरा.

5. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर अंगात पाणी साठतंय. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीत पुन्हा दुखलं, दरदरून घाम आला किंवा चक्कर येऊन पडले, तर 108 ला फोन लावा. इथं कन्नड बहुतेकांना येतं, पण घाबरल्यावर शब्द सुचत नाहीत. "एदे नोवु", म्हणजे छातीत दुखतंय, एवढं पाठ असू द्या. रुग्णाला दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका. कर्नाटक सरकारनं 2023 मध्ये दिवंगत कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावानं हृदय ज्योती योजना सुरू केली. तिच्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन फुकट देतात. तुमच्या तालुक्यात ती सोय आहे का, हे आजच विचारून या.

आठ आठवड्यांनी बाबांचा दुसरा इको झाला. ईएफ 42 वरून 50 वर आला होता, वणाची जागा मात्र तशीच निपचित. त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न पोत्याचाच विचारला. उत्तर आलं, अर्धं भरलेलं, तेही दोघांनी मिळून. दुसरा माणूस म्हणून त्यांनी तिथंच माझं नाव सांगून टाकलं.