मूडलला बाहेरचे धडे आणि साधनं जोडताना: स्कॉर्म, एलटीआय आणि प्रश्नसंच

पुण्यात एकाच शिक्षण संस्थेची शाळा, कनिष्ठ महाविद्यालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय असणं नेहमीचंच. प्रत्येकाचं मूडल (ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर) वेगळं, एखाद्या विभागाचं ओपन एडएक्स हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर. शिवाजीनगरला तयार झालेला धडा नऱ्ह्याच्या मुलांना द्यायचा ठरला की पहिला विचार येतो तो मूडलचा बॅकअप पाठवण्याचा. दोन्हीकडे मूडल असेल तर खुशाल पाठवा. फक्त तो जिथे उतरवायचा तिथली आवृत्ती तीच किंवा पुढची हवी. ओपन एडएक्सला मात्र तो बॅकअप वाचता येत नाही. तिथे मानकंच, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना एकमेकांशी जुळवून घेता यावं म्हणून ठरवलेले नियमच लागतात, आणि ती कामागणिक वेगळी आहेत. "आमचं सॉफ्टवेअर स्टँडर्ड पाळतं" एवढ्यावर विक्रेत्याला सोडू नका. कोणतं मानक, कोणती आवृत्ती आणि गुण परत येतात का, हे तिन्ही लेखी घ्या.

तयार धड्यासाठी स्कॉर्म १.२ निवडा. स्कॉर्म म्हणजे धडा एका पॅकेजमध्ये बांधून देण्याचं मानक. आवृत्ती २००१ची असली तरी मूडलमध्ये तीच भरवशाने चालते. "पहिला भाग उत्तीर्ण झाल्याशिवाय दुसरा उघडू नये" असे नियम स्कॉर्म २००४च्या सीक्वेन्सिंगवर (भागांचा क्रम ठरवणाऱ्या सोयीवर) बांधलेले असतील, तर मूडल ते पाळत नाही. झिप करताना फोल्डर झिप करू नका. फोल्डर उघडून आतल्या सगळ्या फाइल निवडा आणि मग झिप करा. 'आयएमएसमॅनिफेस्ट' ही पॅकेजमध्ये काय काय आहे ते सांगणारी एक्सएमएल फाइल झिपच्या अगदी वरच्या पातळीवर हवी. एक फोल्डर आत गेली तरी पॅकेज नाकारलं जातं. फाइलांची नावं लहान (स्मॉल) इंग्रजी अक्षरांत ठेवा, देवनागरी नको. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स सर्व्हर करतो. म्हणून लॅपटॉपवर दिसणारी चित्रं सर्व्हरवर गायब होतात.

अपलोडच अडलं तर मर्यादा तपासा. मूडल ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीत एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी आणि संपूर्ण पोस्टची ८ एमबी असते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची तर १ एमबीच. '४१३' (फाइल फार मोठी) असा एरर आला तर तो एनजिनएक्सचा समजा आणि मूडलच्या सेटिंगमध्ये शोधत बसू नका.

आता सर्वांत जास्त तक्रारी येतात ती गोष्ट. विद्यार्थी चाळिसाव्या स्लाइडवर थांबतो, संध्याकाळी परत येतो आणि धडा पहिल्या स्लाइडपासून सुरू होतो. स्कॉर्म १.२मध्ये 'कुठवर आलो' ही नोंद ४,०९६ अक्षरांत बसवावी लागते. प्रत्येक स्लाइडवर प्रश्न आणि त्याचं उत्तर साठवणारा लांब धडा ती ओलांडतो, आणि जास्तीची नोंद कापली जाते किंवा नाकारली जाते. खात्रीचा उपाय: धडा तोडून तीन-चार पॅकेजेस करा. दुसरी अडचण गुण न पोचण्याची. धड्याने शेवटी 'कमिट' (नोंद साठव) आणि 'फिनिश' (धडा संपला) हे दोन्ही कॉल केले पाहिजेत. मुलं टॅब सरळ बंद करतात, म्हणून प्रत्येक प्रश्नानंतर कमिट करणारा धडाच घ्या.

सिम्युलेशन लॅब किंवा कोड तपासणारं साधन यांसारखं दुसऱ्या सर्व्हरवर चालणारं काही जोडायचं असेल तर एलटीआय १.३ वापरा. बाहेरचं साधन मूडलला जोडण्याचं हे मानक वनएडटेक या संस्थेचं आहे. २०२२पर्यंत तिचं नाव आयएमएस ग्लोबल होतं, त्यामुळे जुन्या कागदपत्रांत ते सापडेल. जुन्या १.१मध्ये दोन्हीकडे एकच गुप्त की असते आणि ती ई-मेलमधून फिरत राहते. १.३मध्ये प्रत्येकाची स्वतःची सार्वजनिक-खासगी की-जोडी असते.

साधनाकडे डायनॅमिक रजिस्ट्रेशनची (जोडणीची माहिती आपोआप भरणारी) लिंक असेल तर तीच वापरा. टायपिंगच्या चुका टळतात. हाताने करायचं झाल्यास साधनाकडून चार पत्ते घ्या: टूल यूआरएल, लॉगिन सुरू करण्याचा पत्ता, रीडायरेक्ट पत्ता आणि कीसेट (सार्वजनिक की जिथे मिळतात तो पत्ता). मूडलकडून प्लॅटफॉर्म आयडी, क्लायंट आयडी, डिप्लॉयमेंट आयडी आणि कीसेट, टोकन (ठरावीक मुदतीचा डिजिटल परवाना) व ऑथ (ओळख पडताळणी) हे तीन पत्ते द्या. रीडायरेक्ट पत्ता अक्षरशः जुळला पाहिजे. शेवटची तिरकी रेघ जास्त झाली तरी लाँच, म्हणजे साधन उघडणं, फसतं. प्लॅटफॉर्म आयडी म्हणजे तुमच्या मूडलचाच पत्ता. म्हणून डोमेन बदलणं किंवा 'एचटीटीपीएस'वर जाणं आधी उरका, जोडणी नंतर करा. नाहीतर सगळी रजिस्ट्रेशन्स पुन्हा करावी लागतील.

काल चालणारी लिंक आज 'टोकन कालबाह्य' म्हणते, तेव्हा सर्व्हरचं घड्याळ बघा. टोकनची मुदत थोडी असते. काही मिनिटांचा फरकही पुरतो, म्हणून दोन्ही सर्व्हरवर घड्याळ जुळवून ठेवणारा क्रोनी हा प्रोग्रॅम चालू ठेवा. साधन आयफ्रेममध्ये, म्हणजे मूडलच्या पानातल्या चौकटीत, रिकामं दिसत असेल तर ब्राउझरने त्याची कुकी अडवलेली असते. लाँच कंटेनर (साधन कुठे उघडायचं ते ठरवणारं सेटिंग) 'नवीन विंडो' करा.

गुण परत यायला मूडलमधल्या टूल-सेटिंगमध्ये ग्रेड सेवा चालू हवी आणि 'साधनाकडून गुण स्वीकारा' ही परवानगीही हवी. एवढं करूनही रकाना रिकामा असेल तर साधन गुणांसोबत 'फुली ग्रेडेड' (तपासणी पूर्ण) ही स्थिती पाठवतंय का ते विचारा. 'पेंडिंग' असेल तर ते गुण अंतिम धरले जात नाहीत. आणि विद्यार्थ्याचं नाव व ई-मेल पाठवण्याचे पर्याय गरज नसेल तर बंदच ठेवा. साधनाला ओळखीसाठी मिळणारा अनामिक आयडी पुरेसा असतो. मुलांची माहिती विनाकारण बाहेर जाऊ नये.

प्रश्नसंचाचं मानक क्यूटीआय. पण दोन्हीकडे मूडल असेल तर मूडलचा स्वतःचा मूडल एक्सएमएल फॉर्मॅट वापरा. गिफ्ट या दुसऱ्या, साध्या मजकुराच्या फॉर्मॅटमध्ये चित्रं येत नाहीत. मराठी प्रश्न जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील तर आयात करण्याआधीच युनिकोडमध्ये बदला. त्या फॉन्टमधला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचाच असतो, त्यामुळे मूडलमध्ये निरर्थक अक्षरं उमटतात. रूपांतरानंतर रफार आणि 'क्ष', 'ज्ञ' यांसारखी जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा; कन्व्हर्टर बहुधा तिथेच चुकतो. गुण असलेले दहा प्रश्न आयात करा, परीक्षार्थीच्या खात्यातून सोडवा, गुणपत्रकात आकडा उमटला का बघा, आणि मगच उरलेले चढवा.